बंद झालेल्या मागाच्या खोलीवर अजून बिगरनिवासी कर : नोंद कशी बदलून घ्यावी?

सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचे राहते घर असून ते वडिलांच्या नावे आहे. घराच्या पुढच्या अंगाला बारा बाय चोवीसची एक खोली आहे. तिला आम्ही अजूनही 'कारखाना' म्हणतो, कारण 2016 पर्यंत तिथे वडिलांच्या दोन साध्या यंत्रमागांवर टॉवेल विणले जात. सुताचा भाव आणि मजुरी यांचा मेळ बसेनासा झाल्यावर त्यांनी दोन्ही माग भंगारात वजनावर विकले, फरशी धुऊन घेतली आणि तिथे आईचा पलंग टाकला. शहाबादी फरशीतून वर आलेले आठ बोल्ट तेवढे कापायचे राहिले. रात्री ठेच लागू नये म्हणून आई त्यांवर पायपुसणी अंथरते.

मालमत्ता कराच्या बिलात मात्र त्या खोलीचा वापर आजही 'बिगरनिवासी' असाच आहे. दोष आमचाच : माग बंद झाल्याचे वडिलांनी कळवले नाही आणि मीही बिलाचा शेवटचा आकडा पाहून पैसे भरत राहिलो. गेल्या वर्षी वडील वारले, त्या गडबडीत दोन सहामाही थकल्या, त्यावर शास्ती चढली, तेव्हा कुठे ते बिल ओळीने वाचले.

ही नोंद निवासी करून घेण्यासाठी कोणते पुरावे लागतील, आणि इतकी वर्षे जादा भरलेला कर परत मिळू शकेल का? पुण्यातील आतेभावाला स्वतः राहत असल्याबद्दल 40 टक्के सवलत मिळते, तशी आईला इथे मागता येईल का? आणि हे सारे मार्गी लागेपर्यंत थकबाकी भरू नये, असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला आहे, तो मानावा का?

प्रतिसाद :

शेजाऱ्यांचा सल्ला आधी बाजूला ठेवा. थकलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते आणि अर्ज दिला म्हणून ती थांबत नाही. हरकत कायम ठेवून भरत असल्याचे पत्र द्या, त्याची पोच घ्या आणि पैसे भरून टाका. वारसनोंदीच्या वेळीही थकबाकी आडवी येतेच.

पुण्याची सवलत तिथे 1970 पासून चालत आलेली, मध्ये बंद पडलेली आणि राज्य शासनाच्या निर्णयाने 2023 मध्ये पुन्हा सुरू झालेली, खास त्या शहराची व्यवस्था आहे. मुंबईतील 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांची करमाफीही तशीच मुंबईपुरती. त्यांचा हवाला देऊन सोलापुरात केलेल्या अर्जातून काही पदरात पडणार नाही.

आपला खरा फायदा वापराच्या नोंदीत आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 खालील कर नियमांनुसार इमारतीला वर्षाकाठी वाजवी भाडे किती येऊ शकेल ते ठरवून, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात. कारखान्याला येणारे भाडे आणि राहत्या खोलीला येणारे भाडे यांत अंतर असल्यामुळे वापर बदलला की आकारणीचा पायाच बदलतो. यंत्रमागाची वीजजोडणी कायमची बंद केल्याचा कागद हा माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा आहे. सोबत घरगुती वीजबिल, आईचे शिधापत्रिकेतील नाव आणि खोलीची छायाचित्रे जोडा आणि स्थळपाहणीची लेखी मागणी करा.

आकारणी पुस्तकातील दुरुस्ती चालू वर्षाच्या 1 एप्रिलच्या मागे नेता येत नाही, म्हणून जुन्या रकमेची आशा धरू नका. अर्ज मात्र 31 मार्चच्या आत द्या, नाहीतर आणखी एक वर्ष हातचे जाईल. मूल्याबाबत कलम 406 खाली न्यायाधीशांकडे अपील करता येते, पण ते तक्रारीचे कारण घडल्यापासून 15 दिवसांत आणि वादातील रक्कम भरूनच.

आणि ते बोल्ट पाहणीपूर्वी कापून घ्या. पायपुसणे उचलून पाहणारा माणूस माग गेले असे नव्हे, माग परत येणार आहेत असे समजेल.

मूळ लेखक :

मनःपूर्वक आभार. बोल्ट कापायला वेल्डरला उद्याच बोलावले आहे. वीजजोडणी बंद केल्याचा कागद वडिलांच्या ट्रंकेत सापडला; त्यावर तारीख 2017 ची आणि नाव आजोबांचे आहे. असा कागद तसाच जोडावा, की आजोबा आणि वडील यांचे नाते दाखवणारे प्रतिज्ञापत्र सोबत द्यावे?