गाडीचे स्पीकर घरी लावताना
गाडीतून काढलेले 6 इंची कोअ‍ॅक्सियल (मोठ्या स्पीकरच्या मधोमध छोटा बसवलेले) स्पीकर घरच्या एव्हीआरला (होम थिएटरचा आवाज चालवणाऱ्या रिसीव्हरला) जोडू का, असं तुम्ही विचारलंय. जोडता येतील, पण आधी ओहम (स्पीकरचा विद्युत अवरोध) बघा. गाडीचे स्पीकर बहुतेक 4 ओहमचे, आणि बरेच एव्हीआर 6 ते 8 ओहम धरून बनवलेले. ओहम कमी असले की करंट जास्त ओढला जातो, म्हणून आवाज वाढवला की अ‍ॅम्प्लिफायर तापून प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. एका चॅनेलवर दोन स्पीकर सिरीजमध्ये (एकामागे एक) लावले तर 8 ओहम होतात.

दुसरं, पेटी हवीच. उघड्या स्पीकरचा पुढचा-मागचा आवाज एकमेकाला खातो, बास गायब! प्लायची बंद पेटी करा, एव्हीआरमधला क्रॉसओव्हर (आवाज कुठल्या फ्रिक्वेन्सीला वाटायचा ती सेटिंग) 80 ते 100 हर्ट्झवर ठेवा, त्याखालचं सबवूफरवर (फक्त बास वाजवणाऱ्या स्पीकरवर) सोडा. सेंटरला (समोरच्या मधल्या स्पीकरच्या जागी) मात्र हे नकोत. बहुतेक संवाद तिथूनच येतात. तिथे घरगुती स्पीकरच घ्या, जुना चालेल.