प्रतिसाद: ‘आता सोडून द्या’ म्हणण्याआधी

वर एकांनी लिहिलंय की खुनाचा छडा न लागता इतकी वर्षं झाली, घरच्यांनी आता तपासाचा नाद सोडून पुढं जावं. मला हे अजिबात पटलं नाही. खून उलगडला नाही की दुःखासोबत संशयही घरात राहायला येतो. तपास जवळच्या माणसांपासून सुरू होतो, ते योग्यच आहे; पण गुन्हेगार सापडलाच नाही तर नवरा, भाऊ, मित्र यांच्यावरची ती नजर कधी पूर्ण हटत नाही. गेलेल्या माणसाचं घड्याळ, अंगावरचे कपडे मुद्देमाल म्हणून जमा. जुना फोन नंबर बदलायची हिंमत होत नाही, न जाणो, पोलिसांनी त्यावरच फोन केला तर? तपास अधिकारी मात्र बदलत राहतात आणि दर नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

शिवाय आशा धरणं हा वेडेपणा नाही. कॅलिफोर्नियात १९७० आणि ८०च्या दशकांतल्या खुनांसाठी जोसेफ डीअँजेलो २०१८ साली पकडला गेला, तोही जपून ठेवलेल्या डीएनएवरून नातेवाइकांचा माग काढत. २०२० मध्ये त्याने गुन्हे कबूल केले. अमेरिकेत २०२२ साली कायदाही झाला: खून ३ वर्षांनंतरही उलगडला नसेल तर कुटुंबीय फाइल नव्याने तपासायची लेखी मागणी करू शकतात. पण तो फक्त फेडरल, म्हणजे केंद्रीय, तपास यंत्रणांना लागू आहे आणि बहुतेक खुनांचा तपास तर स्थानिक पोलिसांकडे असतो! हा हक्क सगळीकडे हवा. तोवर निदान ठरावीक मुदतीने तपास अधिकाऱ्याचा एक फोन यायलाच हवा, ‘नवीन काही नाही’ एवढंच सांगायचं असलं तरी.