लायसन्स नको म्हणून हेल्मेटही नको?

एकांनी विचारलंय, लायसन्स न लागणाऱ्या ई-स्कूटरवर हेल्मेट कशाला? अहो, ती सूट २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किमीच्या आतला वेग, दोन्ही असेल तरच. गॅरेजवाल्याकडून स्पीड वाढवून घेतली की सूट संपली. आणि डोकं आपटलं तर डांबर लायसन्स विचारत नाही.

खरा घोळ आवाज नसण्याचा. सोलापूरच्या नवी पेठेत संध्याकाळी पिशव्या सांभाळत चालणारा माणूस मध्येच वळतो, मागे गाडी आहे हे त्याला कळतच नाही. तिथं हॉर्न आधी, रेस नंतर. पोरगं पुढं उभं करत असाल तर थांबल्यावर गाडी बंदच करा; ते मूठ पिळतं आणि गाडी टुणकन सुटते.

सोलापूरच्या मे महिन्यात उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, बॅटरी आधी गार होऊ द्या.