'घरत' लिहिणारं पोर चुकतंय की शिकतंय?

खान्देशी मास्तर
साक्री तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा सेमी-इंग्रजी वर्ग. परवा वह्या तपासताना एका पोराच्या दहा ओळींत 'घरत', 'बाजारत', 'वावरत' असं आलं. लाल पेन उचलला आणि थांबलो. हे पोर घरी 'घरमा', 'बाजारमा', 'वावरमा' म्हणतं. अहिराणीत, म्हणजे आमच्या खान्देशी बोलीत, शब्दाला हात न लावता सरळ 'मा' जोडतात. पुस्तकी मराठीत आधी 'घर'चं 'घरा' करायचं, मग 'त'. पोरानं 'मा' सोडून 'त' घेतला होता, म्हणजे निम्मी वाट ते एकटंच चालून आलं होतं. 'घरा' हे सामान्यरूप तेवढं राहिलं. आणि बारा वर्षं मी अशा वह्यांवर 'अशुद्ध' लिहीत आलो!

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मधोमध रेघ मारली. एकीकडे 'घरनी बोली', दुसरीकडे 'पुस्तकनी बोली'. पोरंच सांगत गेली: माले–मला, काब्र–का, वावरमा–वावरात. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी त्या तासाला सगळ्यांत जास्त बोलली. माझं स्पष्ट मत आहे, बोलीला नियम असतात आणि ते ठाऊक नसलेल्या शिक्षकाला प्रमाण मराठीही नीट शिकवता येत नाही.

शिरपूरचा पालक
सर, मी अहिराणी घरातलाच, तेव्हा राग मानू नका. बारावीनंतर पुण्याला होस्टेलवर गेलो. पहिल्याच आठवड्यात तोंडून 'माले' गेलं आणि सगळी खोली हसली. पुढे सहा महिने मी वर्गात एक प्रश्न विचारला नाही. शाळेत कोणी वेळीच सुधारलं असतं तर ती वेळ आली नसती. पुढे शिष्यवृत्तीची परीक्षा, पाचवीला नवोदयची. तिथं 'घरनी बोली'चा रकाना नसतो. आम्ही मुलीशी अहिराणी बोलणं बंद केलंय.

खान्देशी मास्तर
दादा, राग कशाचा. पण त्या दिवशी तुम्हाला 'मला' येत नव्हतं का? येतच होतं. तोंड बंद झालं ते हसण्यामुळे. मी वर्गात 'अशुद्ध' म्हणतो तेव्हा तेच हसणं चौथीतच सुरू करतो.

भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी
अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहरात १९७९ मध्ये हा वाद कोर्टात गेला होता. कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांनी दावा केला होता. घरची इंग्रजी वेगळी आहे हे शिक्षकांनी ओळखावं आणि वाचन शिकवताना त्याचा विचार करावा, त्यासाठी शाळा मंडळानं योजना आखावी, असा निकाल लागला. प्रमाण इंग्रजी शिकवू नका असं कोर्टानं म्हटलं नव्हतं. सरांचा फळाही तेच करतोय.

वर्ध्याच्या बाई
तत्त्व मान्य. पण माझी बदली शहाद्याला झाली. मी वऱ्हाडी, मला 'मले' कळतं, 'वावरमा' नाही. माझ्या वर्गात अहिराणी, भिलोरी, पावरी अशी तिन्ही घरची पोरं आहेत. फळ्यावर रकाने किती पाडू? शिवाय गणित इंग्रजीतून. ज्या शिक्षकाला पोरांची भाषाच येत नाही, त्यानं हे करायचं कसं, याचं उत्तर कोणी देत नाही.

मेळघाटातला शिक्षक
बाई, तुमचा प्रश्न आमच्याकडे आणखी टोकाचा आहे. आमच्या पोरांच्या कोरकू भाषेला लोक सर्रास 'बोली' म्हणतात, पण ती मराठीची बोली नाही. ती मुंडा या वेगळ्याच भाषागटातली, झारखंडकडच्या संथाली-मुंडारीच्या नात्यातली. अहिराणी पोराला पुस्तकातलं निम्मं तरी कळतं. आमच्या पहिलीतल्या पोराला 'इकडे ये'सुद्धा कळत नाही. तिथं रकाने पाडून भागत नाही, आधी कोरकूतूनच शिकवावं लागतं. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, हे ३५०अ कलम १९५६ मध्येच घटनेत आलं. मी वर्गातल्या दोन मोठ्या मुलींकडून कोरकू शिकलो. रोज पाच शब्द.

वर्ध्याच्या बाई
पाच शब्द जमतील. तीन भाषांचे मिळून पाच घेते.

शिरपूरचा पालक
मास्तर, एकच सांगा. सहामाहीच्या पेपरात 'घरत' आलं तर गुण देणार का?

खान्देशी मास्तर
धडा समजला की नाही हे बघणारा प्रश्न असेल तर पूर्ण. व्याकरणाचा असेल तर नाही, आणि का नाही ते पोराला फळ्याजवळ बोलावून दाखवणार.

शिरपूरचा पालक
गुण कापा, सर. दोन्हीकडे कापा. बाकीचं मान्य आहे.