कावेरी कोंबड्या टरफलाशिवाय अंडी टाकतायत

परसदार_दापोली
सहा कावेरी (जास्त अंडी देणारी सुधारित जात), तीन गावठी. गावठींचं बरं चाललंय. कावेरींचं मात्र ऊन वाढल्यापासून बिनसलंय. सकाळी खुराडं उघडलं की बसायच्या काठीखाली नुसती पांढरी पिशवी, बोट लावलं तर फुग्यासारखी दबते. टरफलाची येतात ती उचलतानाच चिरतात. असंच एक फुटलेलं एकीने खाल्लं, आता ती दुसरीच्या मागे वाट बघत बसते, बया! खाणं कणी, कोंडा, उरलेला भात. दिवसभर परसात मोकळ्या. सासूबाई म्हणतात, उष्णता झाली. दुकानदाराने कॅल्शियमची बाटली दिली, पाण्यात घालतेय, फरक नाही.

लेयरवाला_मिरज
ताई, सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. कोंबडी धापा टाकते तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टरफलाला लागणारं बायकार्बोनेट कमी पडतं. उन्हात ती खातेही कमी. पण मूळ दुखणं खाण्यात आहे. एका टरफलात दोनेक ग्रॅम कॅल्शियम जातं, त्यासाठी रोज चारेक ग्रॅम पोटात जायला हवं. कणी-कोंड्यात ते नसल्यातच जमा. गावठी थोडी अंडी घालून खुडूक (अंडी उबवायला) बसते, तिचं भागतं. कावेरी वर्षाला दीडशेच्या वर जाते, मग हाडातलं काढून देते.

टरफल चढायला वीसेक तास लागतात, त्यातले बरेचसे रात्रीचे. म्हणून शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी द्या. ज्वारीच्या दाण्याएवढा जाडसर, पीठ नको. जाड तुकडा रात्रभर पोटात विरघळत राहतो. भांडं वेगळं ठेवा, जिला हवं ती घेईल. पिल्लांना मात्र लांब ठेवा, जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. आणि निम्मं खाणं लेयर मॅश, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, करा.

खाडीकाठ
चुरा विकत कशाला आणतेस? तिसऱ्या (खाडीतले शिंपले) खाल्ल्या की शिंपा धुवून वाळव आणि खलबत्त्यात ठेच. भाजून पार चुना करू नको, तोंड पोळतं. अंडं खाणारीसाठी अंडी घालायची जागा अंधारी कर, पेंढा जाड घाल, अंडी लगेच उचल. आमच्या एकीची खोड तरी गेली नाही, शेवटी तिचा रविवार झाला.

परसदार_दापोली
भांडं ठेवल्या ठेवल्या कावेरी तुटून पडल्या, गावठींनी ढुंकूनही पाहिलं नाही! बाटली चालू ठेवू का? आणि एका अंड्यावर सुरकुत्या आहेत.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक
बाटली बंद करा. उन्हाळ्यात पाण्याची चव बदलली की त्या पाणी कमी पितात, ते जास्त वाईट. सुरकुत्या एकीच्याच अंड्यावर असतील तर सोडून द्या. दोघीतिघींच्या यायला लागल्या, अंड्यातलं पांढरं पाण्यासारखं पसरलं, घशात घरघर आली, तर ब्रॉन्कायटिस किंवा राणीखेतचा संशय. मग पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. लासोटा, म्हणजे राणीखेतची लस, कधी दिली होती? कावेरींचं वय काय?

परसदार_दापोली
लस पावसाळ्यानंतर दिली होती काका. घरघर नाही. दुसरं वर्ष संपत आलंय.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक
मग चुरा देऊनही टरफल पहिल्यासारखं होणार नाही. वयाबरोबर अंडं मोठं होतं, टरफलाला माल तेवढाच. पावसाळा संपला की चार तलंगा (अंड्यावर येणाऱ्या तरण्या कोंबड्या) आणा.