गुहागरला जुनं घर आणि आगर घ्यायचा विचार आहे, काय काय बघावं?

कल्याणकर_दोघं

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज स्वतःचं काम घेऊन आलोय. मी लवकरच रिटायर होतोय, बायकोने व्हीआरएस घेतलीय, मुलगी नोकरीनिमित्त बाहेर. कल्याणचा फ्लॅट ठेवून गुहागरला कायमचं राहायला जायचं असं घरात चाललंय. एक जुनं चिऱ्याचं घर बघितलं, कौलारू, पुढे ओटी पडवी, मागे १४ गुंठे आगर, माड पोफळी, विहीर, आणि आगर संपलं की सुरूची झाडं आणि लगेच पुळण (वाळूचा किनारा). बायको तिथेच हरखली. एजंट ५५ लाख म्हणतोय, वर "बसून बोलू" पण म्हणतोय. सातबाऱ्यावर नऊ नावं आहेत, त्यातले सहा तयार, बाकीचे मागाहून सह्या करतील, तुम्ही टोकन देऊन जागा अडकवून ठेवा असं त्याचं म्हणणं. घरावर एक मजला चढवून दोन खोल्या पर्यटकांना द्याव्यात असंही डोक्यात आहे, पेन्शनला तेवढाच हातभार. मी शेतकरी नाही, बायकोच्या माहेरची साताऱ्याकडे जमीन आहे पण सातबारा अजून वारलेल्या सासऱ्यांच्याच नावावर. एजंट म्हणतो "शेतकरी दाखल्याचं मी बघतो". तिथे राहणाऱ्यांनी किंवा असा व्यवहार केलेल्यांनी जरा खरं काय ते सांगा.

फेरफारवाला

दाखल्याचं मी बघतो म्हणणाऱ्या माणसापासून आधी लांब व्हा. आगर म्हणजे कागदावर बागायत शेती, आणि कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. खोट्या दाखल्यावर खरेदीखत झालं तरी ते पचेलच असं नाही, पुढे कोणीही तक्रार करतो (तो सही न केलेला हिस्सेदार तर पहिला) आणि व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. तुमच्याकडे सरळ रस्ता असताना हे कशाला? वहिनींचं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून लावून घ्या, मुलीचा हक्क आहेच. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग नोटीस निघते, हरकत नसेल तर नोंद मंजूर. त्या शेतकरी झाल्या की खरेदी त्यांच्या नावाने करा. फक्त एक आजच विचारा, भावांनी त्यांच्याकडून आधीच हक्कसोडपत्र करून घेतलंय का. खूप घरांत बारशा-लग्नाच्या गडबडीत अशा सह्या होऊन जातात आणि बहिणीला पत्ताही नसतो.

आता नऊ नावांचं. सामाईक सातबाऱ्यातला आपला अविभक्त हिस्सा कोणी विकू शकतो, त्यात बेकायदा काही नाही, म्हणून तर एजंट इतका बिनधास्त आहे. पण तुम्हाला मिळतो तेवढा हिस्साच, विहीर तुमची की पडवी तुमची हे वाटप झाल्याशिवाय ठरत नाही. त्यात राहतं घर एकत्र कुटुंबाचं असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ आडवं येतं, बाहेरच्याने हिस्सा घेतला तरी त्याला त्या घरात एकत्र ताबा मागता येत नाही. म्हणजे पैसे देऊन ओटीवर बसायचा हक्क पण नाही, दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावायचा आणि तारखा मोजायच्या. नऊच्या नऊ सह्या एका दिवशी दुय्यम निबंधकासमोर, नाहीतर नको.

बाकी सातबाऱ्याचा 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा, तिथे कुळ किंवा बँकेचा बोजा दिसला तर थांबा. जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा. नऊ नावं आज दिसतायत, पण मधल्या पिढीतल्या आत्या-मावश्या गाळल्या गेल्यात का ते फेरफारातच कळतं. घराची घरपट्टी नगरपंचायतीत वेगळ्याच माणसाच्या नावाने असते बऱ्याचदा, तो उतारा पण घ्या.

खालचा_पाट

मी इथलाच. वरच्यांनी कागदाचं सांगितलं, मी जागेवरचं सांगतो.

गुहागरची आगरं म्हणजे रस्त्यापासून समुद्रापर्यंत गेलेल्या लांबट पट्ट्या, रुंदीला कमी. दोन पट्ट्यांमधला गडगा (दगडी बांध) वर्षानुवर्षं इकडचा तिकडे सरकलेला असतो, म्हणून खरेदीआधी भूमी अभिलेखची सरकारी मोजणी करा, शेजाऱ्यांना बोलवून. आणि त्या सुरूच्या झाडांवर जीव लावू नका, किनाऱ्यावरची सुरूबनं बऱ्याच ठिकाणी वनखात्याने लावलेली आहेत, एजंट हात लांब करून "हे सगळं तुमचंच" म्हणतो, मोजणीचा दगड मात्र झाडांच्या अलीकडेच निघतो.

मजल्याचं विसरा असं मी म्हणेन. सीआरझेड तीनमध्ये, म्हणजे किनारा नियमनाच्या ग्रामीण पट्ट्यात, भरतीरेषेपासून २०० मीटर (दाट वस्तीच्या भागात ५० मीटर) ना विकास क्षेत्र धरतात, त्यात जुनं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, पाडून परत बांधता पण येतं, पण आहे त्याच जोत्यावर आणि आहे तेवढंच चटईक्षेत्र. मजला चढवला की ते वाढलं. इथे नगरपंचायत असल्याने तुमचा सर्व्हे नंबर नक्की कुठल्या झोनमध्ये येतो ते किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर नकाशावर बघूनच काय ते ठरवा, तोंडी कोणाचं ऐकू नका, माझं पण नको. आहे त्याच घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देणं हा वेगळा विषय, तसं इथे खूप जण करतात.

अजून एक, आणि हे जरा रागाने लिहितोय. बाहेरून येणारे जागा घेतात आणि पहिलं काम काय, गडगा पाडून उंच कंपाउंड आणि लोखंडी गेट. कित्येक आगरांमधून समुद्राकडे जायची वहिवाटीची पाणंद असते, त्यातून आमच्या आज्या वाळत घातलेली मासळी आणायला जायच्या, आता तिथे 'खाजगी मालमत्ता' असा बोर्ड. तुमच्या जागेतून अशी वाट आहे का ते विचारा आणि असेल तर राहू द्या. शिमग्यात पालखी दारात येते ती पण त्याच वाटेने.

आंजर्ल्याची_सून

कागदांचं वर झालंच आहे, मी राहण्यावर लिहिते. ताई-दादा, तुम्ही घर बघायला कधी गेला होतात? डिसेंबर-जानेवारी असणार. परत जा, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात जा. विहिरीचा पोहरा स्वतः सोडा, पाणी वर काढून पिऊन बघा. समुद्राच्या इतक्या जवळच्या विहिरी एप्रिलनंतर मचूळ होतात, त्यात शेजारी एखादं रिसॉर्ट दिवसभर पंप चालवत असेल तर अजूनच. मालक सांगेल "आमचं पाणी गोड", त्याची जीभ त्या पाण्याला सरावलेली असते. आमच्याकडे पाहुण्यांना चहा दिला की त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं.

पावसाळा मला आवडतो पण तो फोटोतला नसतो. मेमध्येच आगोटीची (पावसाळ्याआधीची) तयारी, कांदे लसूण सुकी मासळी भरून ठेवायची, कौलं शाकारून घ्यायची, वाशांना वाळवी लागलीय का बघायचं. माकडं कौलं फोडतात म्हणून हल्ली बरेच जण वर पत्रा घालतात, दिसायला वाईट पण झोप लागते. वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही, इन्व्हर्टर पुरत नाही, टाकी दिवसा भरूनच ठेवावी लागते. कपाटातल्या रेशमी साड्यांना बुरशी, फ्रीजच्या मागची जाळी गंजलेली. जून-जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी खाडीची मिळेल तेवढीच.

आगराकडे "उत्पन्न" म्हणून बघत असाल तर हळू. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडच्या पोफळी अक्षरशः झोपल्या, आमच्या सासऱ्यांनी लहानपणी पाणी घातलेली झाडं होती. नवीन लावलेली सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात. आणि झाडं आहेत तोवर माडावर चढणारा माणूस शोधणं हेच मुख्य काम, तो आज येतो म्हणतो आणि पुढच्या बाजाराला भेटतो.

दवाखान्याचं विचारायला विसरू नका. गुहागरहून चिपळूण साधारण ४५ किलोमीटर, पावसात रात्री घाटवळणाने ते अंतर वेगळं लागतं. तुमच्यापैकी कोणाला बीपी-शुगर-हार्ट काही असेल तर समुद्राला लागून नको, चिपळूणच्या रस्त्याला जवळ पडेल असं घर बघा. दोघांनाही चारचाकी चालवता येते ना?

कल्याणकर_दोघं

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. हक्कसोडपत्राचं बायकोला विचारलं, ती गप्पच झाली, मग म्हणाली मोठ्या दादाने मागे कसल्यातरी कागदावर सही घेतली होती, बँकेचं आहे म्हणाला होता. उद्या ती फोन करणार आहे. मजल्याचा नाद सोडला. गाडी मी चालवतो, ती शिकलीय पण चालवत नाही. एजंटचा आज परत फोन, दुसरी पार्टी रविवारी येतेय म्हणे, निदान एक लाख तरी टाका.

फेरफारवाला

दुसरी पार्टी दर रविवारीच येते. एक रुपया देऊ नका. बँकेचं कर्ज असेल तर बोजा सातबाऱ्यावर दिसेल, तो ऑनलाइन आत्ताच बघता येतो, गाव आणि गट नंबर तेवढा हवा. आणि हक्कसोडपत्र असेल तर ते नोंदवलेलं असायला लागतं, त्यामुळे दादाशी वाद घालण्याआधी तिथल्या निबंधक कार्यालयात सासऱ्यांच्या नावाने शोध घ्या.

खालचा_पाट

त्या घराच्या नऊपैकी दोन हिस्सेदार आपसात बोलत नाहीत, हे घर कुठलं ते मला वर्णनावरून कळलंय. नाव इथे लिहीत नाही. मेमध्ये पाणी बघायला याल तेव्हा मेसेज करा.