गोल्ड दर्जा असूनही पाय ठेवायला जागा नाही. एकाच कंपनीला धरून राहायचं का?

उंच_प्रवासी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझी उंची १८८ सेंटिमीटर आहे. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून पाय दोन तासांपेक्षा जास्त दुमडून राहिला की उठल्यावर पहिली चार-पाच पावलं लंगडतच टाकावी लागतात.

कामासाठी वर्षाला साधारण साठ विमानप्रवास होतात. अकरा वर्षं ते सगळे एकाच कंपनीने केले. दुसरीकडे तिकीट स्वस्त असायचं, कधी दुसऱ्या कंपनीचं थेट विमान असायचं, तरी मी मधे उतरून दोन तास बसून राहायचो, पण कंपनी बदलली नाही. कारण एकच. गोल्ड दर्जा (वारंवार प्रवास करणाऱ्याला कंपनी देते ती वरची श्रेणी) असला की इकॉनॉमीतल्या पुढच्या, जास्त लेगरूमच्या सीट्स तिकीट काढतानाच फुकट निवडता यायच्या. मी नेहमी ‘सी’ घ्यायचो. तिथे वाट उजव्या हाताला येते आणि दुखरा पाय मधूनमधून बाहेर सरळ करता येतो.

मागच्या वर्षी नियम बदलला. गोल्डवाल्यांना आता या सीट्स उड्डाणाच्या २४ तास आधी, चेक-इन उघडल्यावर मिळतात, त्याही उरल्या तर. गेल्या नऊ प्रवासांत मला दोनदा मिळाली, दोन्ही वेळा मधली. शेवटच्या वेळी पहाटेचा गजर लावून बसलो होतो. नकाशात नवव्या रांगेतली ‘सी’, म्हणजे नऊ ‘सी’, रिकामी दिसत होती, पण तिच्यासमोर किंमत लिहिलेली. फोन लावला, चाळीस मिनिटं थांबलो. पलीकडची मुलगी समजूतदार होती, पण तिचं उत्तर ठरलेलं होतं: ती सीट विक्रीसाठी ठेवली आहे. मी २७व्या रांगेत बसलो. चढताना पाहिलं, नऊ ‘सी’वर एक लहान चणीचा तरुण मांडी घालून झोपला होता. त्याच्यावर माझा राग नाही, त्याने पैसे मोजले होते. पण अकरा वर्षं मी जे मोजलं त्याचं काय, हा प्रश्न उतरेपर्यंत डोक्यातून गेला नाही.

आता गोल्ड टिकवायचं तर वर्ष संपायच्या आत गरज नसलेले दोन प्रवास करावे लागतील. ते करू, की दर्जा सोडून देऊन जे विमान सोयीचं त्यात दरवेळी सीट विकत घेऊ? कुणी असं केलं असेल तर कृपया सांगा.

दरपत्रक

दादा, मी बारा वर्षं एका विमान कंपनीच्या तिकीटदर ठरवणाऱ्या विभागात होते. तुमच्या बाबतीत काय झालं ते आतल्या बाजूने सांगते.

दोन रांगांमधलं अंतर, ज्याला आम्ही पिच म्हणतो, साध्या इकॉनॉमीत बहुतेक ठिकाणी ३० ते ३१ इंच असतं. जास्त लेगरूमच्या सीट्सना ३४ ते ३६. आता हिशोब करा: ३० इंचांच्या सात रांगा म्हणजे २१० इंच, आणि ३५ इंचांच्या सहा रांगा म्हणजेही २१०. म्हणजे एक अख्खी रांग जाते, लहान विमानात सहा सीट्स. उरलेल्या सहा रांगांनी त्या सातवीचं उत्पन्न भरून काढायचं असतं. त्यात तुम्ही फुकट बसलात की आमच्या तक्त्यात ती सीट तोट्यात दिसायची. मी स्वतः असे तक्ते केले आहेत आणि ते करताना समोर कुणाचा गुडघा आहे हे दिसत नाही, हेही खरं.

सुरुवात अशी नव्हती. युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीने १९९९मध्ये इकॉनॉमी प्लस, म्हणजे जास्त लेगरूमच्या सीट्सचा भाग, आणलं तेव्हा ते मुख्यतः नेहमीच्या आणि पूर्ण भाडं देणाऱ्या प्रवाशांसाठी होतं. अमेरिकन एअरलाइन्सने २०००मध्ये याहून मोठं पाऊल उचललं. आपल्या विमानांतून सात हजारांहून जास्त सीट्स काढल्या आणि इकॉनॉमीतल्या सगळ्यांनाच जास्त जागा दिली. काही वर्षांतच रांगा परत बसवल्या, कारण लोक तिकीट काढताना जागा बघत नव्हते, भाडं बघत होते. सगळ्या धंद्याने त्यातून एकच धडा घेतला: जागा सगळ्यांना देऊ नका, सुटी विका. डेल्टा या तिसऱ्या अमेरिकी कंपनीने २०१६मध्ये कम्फर्ट प्लसला, म्हणजे आपल्या जास्त लेगरूमच्या सीट्सना, भाड्याचा वेगळा वर्गच केलं. मग दर्जावाल्या प्रवाशाला ती सीट निवडता येईना, अपग्रेडच्या यादीत थांबावं लागू लागलं. आणि पन्नासहून जास्त वर्षं सीट नंबरच न देणाऱ्या साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीनेही २७ जानेवारी २०२६पासून नंबर दिले, त्यात साधारण एक तृतीयांश सीट्स जास्त लेगरूमच्या.

पैसा किती आहे ते बघा. अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीच्या नोव्हेंबर २०२४च्या अहवालानुसार पाच कंपन्यांनी २०१८ ते २०२३ या काळात फक्त सीटच्या शुल्कातून १२.४ अब्ज डॉलर मिळवले. शिवाय माइल्स, म्हणजे प्रवासावर मिळणारे पॉइंट्स, आता बँकाही विकत घेतात, आपल्या क्रेडिट कार्डवाल्यांना वाटायला. वर्षाला साठदा उडणारा माणूस एके काळी आमचा सगळ्यात मोलाचा ग्राहक होता. आता तो अनेकांपैकी एक आहे. तुमची चूक काहीच नाही.

वर्षातून_एकदा

थोडी दुसरी बाजू मांडते. आईचं नितंबाच्या सांध्याचं ऑपरेशन झालंय. आम्ही वर्षातून एकदाच जातो, त्यामुळे दर्जा वगैरे आम्हाला कधी मिळणार नाही. मोकळ्या सीट्स फक्त नेहमीच्या प्रवाशांच्या असत्या तर आईला त्या कधीच मिळाल्या नसत्या. आता निदान पैसे साठवून तिच्यासाठी एक घेता येते. मी मागच्या रांगेत बसते. तुमचं दुखणं मला कळतं, पण ही सोय बंद व्हावी असं मी म्हणू शकत नाही.

दर्जा_सोडलेला

मी दोन वर्षांपूर्वी हेच केलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वही घेऊन बसा. साठ प्रवासांपैकी दीड तासाच्या आतले बाजूला काढा, तिथे वाटेकडची साधी आइल सीट चालते. माझे बावीसच उरले. त्या बावीस सीट्सचा खर्च आणि दर्जा टिकवण्यासाठी केलेल्या जादा प्रवासांचा खर्च शेजारी ठेवल्यावर मला वेगळं काही ठरवावंच लागलं नाही.

एग्झिट रो, म्हणजे आपत्कालीन दाराजवळची रांग, मात्र घेऊ नका. तिथे बसणाऱ्याने गरज पडली तर दार उघडून इतरांना मदत करायची असते. गुडघा असा असताना ते आपल्याला आणि बाकीच्यांनाही धोक्याचं. भिंतीलगतची पहिली रांगही फसवी असते. पुढे जागा दिसते, पण पाय पुढच्या सीटखाली सरकवता येत नाहीत, आणि टेबल सीटच्या हातात दुमडलेलं असल्यामुळे सीट थोडी अरुंद लागते.

विकत घेतलेल्या सीटची पावती जपून ठेवा. ऐन वेळी विमान बदललं की सीट जाते आणि पैसे आपोआप येतीलच असं नाही. अमेरिकेत २०२४च्या नियमाने पैसे भरूनही न मिळालेल्या सेवेचं शुल्क परत द्यावं लागतं. बाकी ठिकाणी मी मागे लागून घेतलं आहे.

दर्जा सोडल्यावर सीटची उणीव मला भासली नाही. भासली ती विमान रद्द झालेल्या रात्री. पूर्वी गोल्डच्या नंबरवर पाच मिनिटांत दुसरं तिकीट मिळायचं, त्या रात्री मी रांगेत तीन तास उभा होतो. तुमचे प्रवास असे अडतात का, ते तपासा. आणि गोल्डचा अर्थ सगळीकडे एक नाही. युनायटेडमध्ये सिल्व्हरला चेक-इनपर्यंत थांबावं लागतं, गोल्डला तिकीट काढतानाच सीट घेता येते.

उंच_प्रवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वही घेऊन बसलो. माझे एकतीस उरले. वर्षात दोनच विमानं रद्द झाली होती, आणि एकदा तर गोल्डच्या नंबरवरही कुणी फोन उचलला नव्हता.

वर्षातून_एकदा ताई, तुमचं वाचून मी माझा प्रश्न पुन्हा वाचला. सीट विकतात यावर माझी तक्रार नाही. अकरा वर्षं एक शब्द देऊन तो एका ईमेलने मागे घेतला, तो त्रास आहे. तसं पत्र कंपनीला लिहिलं आहे, नऊ ‘सी’च्या किमतीसकट.

ते दोन जादा प्रवास करणार नाही. पुढच्या महिन्याचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं काढलं, थेट विमान, अकरा ‘सी’, पैसे भरून. दरपत्रक ताई, एक विचारायचं राहिलं: एकाच कंपनीच्या दोन वेगळ्या विमानांत याच सीट्सचं अंतर वेगळं असतं का, आणि तिकीट काढण्याआधी ते नक्की कुठे बघायचं?